उंचीचे रंग

शाळेच्या भिंतीवर टांगलेला भारताचा प्राकृतिक नकाशा ज्याने लहानपणी पाहिला आहे, त्याच्या मनावर गंगेचे मैदान हिरवे, दख्खनचे पठार पिवळट, सह्याद्रीची धार तपकिरी आणि हिमालयाचा माथा पांढरा असे एक चित्र कायमचे उमटलेले असते. आणि ते इतके अंगवळणी पडलेले असते की हे रंग कोणीतरी, केव्हातरी, काही विशिष्ट कारणांनी ठरवले असतील अशी शंकाही सहसा मनाला शिवत नाही. वस्तुतः हा रंगक्रम सार्वत्रिक होऊन दोनशे वर्षेही झालेली नाहीत. तो निर्माण झाला युरोपातल्या दोनतीन नगरांत, शिळाछापाच्या कारखान्यांत आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या मेजांवर; तेथून तो ॲटलासांत गेला, ॲटलासांतून पाठ्यपुस्तकांत, आणि आज संगणकावर नकाशे करणारी कोणतीही प्रणाली उघडावी, तर तयार रंगपट्ट्यांच्या यादीत तोच हिरव्यापासून तपकिरीकडे आणि तपकिरीपासून पांढऱ्याकडे जाणारा क्रम हात जोडून उभा असतो. त्याची वंशावळ समजून घेण्याजोगी आहे, कारण पूर्वी जो निर्णय एखाद्या जनरलाने अथवा प्रकाशकाने वर्षानुवर्षांच्या विचारान्ती घ्यावा, तो आज नकाशा करणाऱ्या प्रत्येकाच्या हाती क्षणार्धात येऊन पडला आहे.

डोंगर कागदावर दाखवण्याचा प्रश्न नकाशाइतकाच जुना आहे. प्राचीन आणि मध्ययुगीन नकाशाकारांनी तो सोडवला तो डोंगराचे लहानसे चित्र, बाजूने पाहिल्यासारखे, त्या त्या जागी काढून. त्यातून डोंगर कोठे आहे हे कळे, परंतु तो किती उंच आणि त्याचा पायथा कोठवर, हे कळत नसे. या परंपरेच्या बाहेर जाऊन उंचीलाच रंगाची मात्रा देण्याचा प्रयत्न लिओनार्दो दा विंचीने १५०२-०३ च्या सुमारास मध्य इटलीच्या एका नकाशात केलेला दिसतो. त्यात जमीन जसजशी चढत जाते, तसतशी तपकिरी छटा गडद होत जाते. परंतु लिओनार्दोच्या पुष्कळ कल्पनांप्रमाणे हिलाही लगोलग वारस लाभला नाही, आणि याचे कारण कलेच्या अभावात शोधण्यापेक्षा मोजणीच्या अभावात शोधणे अधिक न्याय्य होईल. उंचीनुसार रंग भरायचा, तर एका रंगाची हद्द कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते हे आधी ठरले पाहिजे. ती हद्द ठरवणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा, आणि ती रेषा अद्याप जन्मास यावयाची होती.

ती जन्मली ती डोंगरावर नसून पाण्याखाली, हा या इतिहासातला मोठा मनोज्ञ योग आहे. हॉलंडच्या जलमापकांना नद्यांचे तळ माहीत असणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता. १५८४ मध्ये पीटर ब्रुइन्स याने स्पार्ने नदीच्या नकाशात सात फूट खोलीची रेषा ओढली. १७३० च्या सुमारास निकोलास क्रुकियस याने मेर्वेदे नदीचा तळ समखोली रेषांनी दाखवला. आणि फ्रान्सच्या फिलिप बुआश याने इंग्लिश खाडीच्या तळासाठी तीच युक्ती योजली. जमिनीवर ती चढली ती एका अगदी निराळ्याच कामाच्या निमित्ताने. १७७४ मध्ये नेव्हिल मॅस्केलिन याने पृथ्वीची घनता काढण्यासाठी स्कॉटलंडमधील शिहॅलियन या डोंगरावर निरीक्षणे केली. त्या डोंगराचे घनफळ काढण्याचे किचकट काम चार्ल्स हटन या गणितज्ञाकडे आले, आणि शेकडो ठिकाणी मोजलेल्या उंचीच्या आकड्यांचा गुंता सोडवताना, समान उंचीची ठिकाणे रेषेने जोडली की डोंगराचा आकार डोळ्यांपुढे उभा राहतो, हे त्याच्या ध्यानी आले. १७९१ मध्ये द्यूपँ-त्रिएल याने सबंध फ्रान्स देशाचा समोच्च रेषांचा नकाशा छापला. त्याला मिळालेले उंचीचे आकडे अगदी तुटपुंजे असल्यामुळे त्या नकाशाची अचूकता फारशी मानता येत नाही. त्याचे महत्त्व आहे ते धाडसात.

पुढच्या अर्धशतकात मात्र फौजांच्या दप्तरांत निराळ्याच पद्धतीचा अंमल चालला. सॅक्सनीचा मेजर योहान गेओर्ग लेमान याने १७९९ मध्ये उताररेषांची शास्त्रशुद्ध पद्धत मांडली: उतार जितका तीव्र तितक्या त्या दिशेने ओढलेल्या रेघा जाड. तोफा ओढून नेणाऱ्या सेनापतीला उतार कळणे उंची कळण्यापेक्षा अधिक निकडीचे होते, त्यामुळे नेपोलियनच्या युद्धकाळात आणि त्यानंतरही ही पद्धत सर्व युरोपभर फोफावली. तिचा दोष असा की डोंगराळ मुलखाचा नकाशा काळ्या रेघांनी भरून जाई, गावांची नावे त्यात बुडून जात, आणि सपाट पठार व सपाट मैदान दोन्ही सारखीच कोरी दिसत. सह्याद्रीचा घाटमाथा आणि तळकोकणातील खाडीकाठ या दोहोंना एकच पांढरा कागद मिळावा, असा हा प्रकार होता.

रंगाला वाव मिळाला तो छपाईच्या एका शोधामुळे. आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळाछाप शोधून काढला, आणि पुढे १८३० च्या दशकात रंगीत शिळाछापाची कला परिपक्व झाली. तत्पूर्वी नकाशाच्या प्रत्येक प्रतीवर हाताने रंग भरावा लागे आणि साहजिकच तो दोन प्रतींत कधी सारखा होत नसे. एका उंचीच्या पट्ट्यासाठी एक शिळा, एका शिळेवर एक शाई, ही व्यवस्था जमताच उंचीचे रंग हा व्यवहार्य विषय झाला. आणि व्यवहार्य होताच त्यात दोन परस्परविरोधी तत्त्वे उभी राहिली, ज्यांचा झगडा मला या सबंध इतिहासातला सर्वांत रसाळ भाग वाटतो.

पहिले तत्त्व एमील फॉन सिडो याचे. हा प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी आणि एर्फुर्टच्या लष्करी शाळेतला भूगोलाचा शिक्षक. त्याच्यापुढे प्रश्न होता तो वर्गातल्या शेवटच्या बाकावरील मुलाला भिंतीवरचा नकाशा कसा दिसावा हा. गोथा येथील युस्टुस पेर्टेस या प्रकाशनसंस्थेने १८३८ पासून त्याचे भिंतीवरील नकाशे काढले, आणि त्यांत सखल प्रदेशाला हिरवा व उंच प्रदेशाला तपकिरी हा जोड स्थिर झाला. उत्तर जर्मनीच्या मैदानात राहणाऱ्या मनुष्याला यात विचित्र असे काहीच वाटण्याजोगे नव्हते: त्याच्या देशात सखल जमीन खरोखरच हिरवीगार असते, आणि दक्षिणेकडे आल्प्सकडे चढत जावे, तसतसा हिरवा रंग विरळ होऊन खडक आणि मग बर्फ लागते. म्हणजे सिडोचा रंगक्रम हे एका परीने त्याच्या स्वतःच्या भूमीचे प्रामाणिक वर्णन होते.

दुसरे तत्त्व ऑस्ट्रियाच्या फ्रान्त्स फॉन हाउसलाब या सेनाधिकाऱ्याचे. हिरवे आणि तपकिरी यांत उंचीचा क्रम असा काही अंगभूत नाही, हिरवा तपकिरीहून कमी का मानावा याचे उत्तर केवळ सवयीत आहे, हे त्याने ओळखले, आणि त्याऐवजी एक साधा नियम घालून दिला: जितके उंच तितके गडद. या नियमाचा व्यावहारिक लाभ मोठा होता. वस्ती, रस्ते, नद्या यांची दाटी सखल मुलखात असते; तो फिका ठेवला म्हणजे अक्षरे स्वच्छ वाचता येतात, आणि ज्या उंच डोंगरात नावे थोडी, तेथे गडद शाईने कोणाचे नुकसान होत नाही. परंतु हाउसलाबच्या नकाशातले हिमशिखर काळोखात बुडालेले दिसते, आणि डोळ्याला ते मान्य होत नाही. उंचावर प्रकाश असतो, हा अनुभव मनुष्य नकाशासमोर बसताना बाजूला ठेवू शकत नाही.

तडजोड केली ती एडिंबरोच्या बार्थोलोम्यू घराण्याने. जॉन बार्थोलोम्यू याने १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात स्तररंगांची पद्धत मांडली, आणि १८८० मध्ये इंग्लंडच्या सरोवरप्रदेशाच्या एका प्रवासी मार्गदर्शिकेत ती प्रथम सर्वसामान्य वाचकाच्या हाती दिली. सखल भागाला हिरव्याच्या छटा, त्यावर तपकिरीच्या चढत्या छटा, आणि प्रत्येक छटा शेजारच्या छटेपासून ओळखता येईल पण तुटक भासणार नाही इतक्या अंतरावर: यात सिडोचा रंग आणि हाउसलाबची मात्रा दोन्ही आली. पायी आणि पुढे सायकलवर हिंडणाऱ्या सामान्य माणसाला हे नकाशे फार आवडले, आणि ब्रिटिश साम्राज्यात जेथे जेथे इंग्रजी ॲटलास पोहोचला, तेथे तेथे हा हिरवा-तपकिरी जोडही पोहोचला. आपल्या शाळांत तो आला तो याच वाटेने, असे मानण्यास जागा आहे.

व्हिएन्नाच्या कार्ल पॉइकर याने १८९८ मध्ये या विषयाला डोळ्याच्या शास्त्राची बैठक देण्याचा प्रयत्न केला. लाल रंग जवळ आणि निळा दूर भासतो, कारण डोळ्याचे भिंग निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या अंतरावर एकवटते. तेव्हा वर्णपटाचाच क्रम घेऊन सखल भागाला थंड, धूसर रंग आणि शिखराला तांबूस उष्ण रंग दिले, तर सपाट कागदावरचा डोंगर वाचकाच्या दिशेने उठून येईल, अशी त्याची उपपत्ती होती. तिचा परिणाम त्याने मानला तितका बलवत्तर नाही, हे पुढे दिसून आले. विसाव्या शतकातला या कलेचा सर्वश्रेष्ठ आचार्य, झुरिचचा एडुआर्ड इमहोफ, याने आपल्या १९६५ च्या ग्रंथात पॉइकरच्या मताची चिकित्सा करून रंगापेक्षा छायाप्रकाशावर आणि दूरच्या डोंगरावर हवेमुळे येणाऱ्या निळसर धूसरतेवर भर दिला.

दरम्यान रंगाला आंतरराष्ट्रीय कायद्याचे स्वरूप देण्याची एक मोहीमही होऊन गेली. आल्ब्रेख्ट पेंक याने १८९१ मध्ये बर्नच्या भूगोल परिषदेत, सर्व पृथ्वीचा दशलक्षांश प्रमाणाचा आणि एकाच धाटणीचा नकाशा सर्व राष्ट्रांनी मिळून करावा, अशी तजवीज मांडली. १९०९ ची लंडनची आणि १९१३ ची पॅरिसची बैठक यांत उंची मीटरमध्ये आणि स्तररंगांनी दाखवायची असे नियम ठरले. भारतीय सर्वेक्षण खात्यानेही आपल्या वाट्याची पत्रके तयार केली. महायुद्धांनी हे कार्य खिळखिळे केले आणि ते कधीच पुरे झाले नाही. तथापि उंचीचे पट्टे समान अंतराचे न ठेवता शंभर, दोनशे, पाचशे, हजार, दोन हजार असे वाढत्या अंतराचे ठेवण्याची दृष्टी या काळात सर्वत्र रुजली, आणि ती अत्यंत सयुक्तिक होती, कारण पृथ्वीवरची बहुतेक जमीन आणि तिच्यावरची बहुतेक माणसे सखल भागात आहेत. फरक बारकाईने दाखवायचा तो तेथेच.

आता सिडोच्या हिरव्याने केलेल्या अन्यायाकडे वळतो. जैसलमेर समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वादोनशे मीटर उंचीवर आहे, आणि कच्छचे रण तर समुद्राच्या पातळीलाच लागून. म्हणून सिडोच्या नियमाने थरचे वाळवंट आणि रणाचा खारट चिखल दोन्ही हिरवे रंगतात, आणि निलगिरीच्या माथ्यावरची घनदाट शोला अरण्ये तपकिरी पडतात. नकाशा पाहणारा विद्यार्थी सूची वाचण्यापूर्वी रंग वाचतो, आणि त्या पहिल्या वाचनात त्याची जी समजूत होते, ती पुढे सूचीने पुसली जात नाही. भर म्हणून, सर्वेक्षण खात्याच्या स्थलनिर्देशक पत्रकावर हिरवा म्हणजे वृक्षाच्छादित जमीन आणि पिवळा म्हणजे लागवडीखालची जमीन. एकाच दप्तरातून, एकाच रंगाला, दोन अर्थ. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्यातील टॉम पॅटरसन याने बर्नहार्ड जेनी याच्यासह २०११ मध्ये यावर एक उपाय मांडला: समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली असलेल्या, रणरणत्या डेथ व्हॅलीसारख्या प्रदेशाला हिरवे न रंगवता, कोरड्या मुलखासाठी एक आणि दमट मुलखासाठी दुसरा असे दोन रंगक्रम ठेवायचे, आणि हवामान जसे बदलेल तसे ते एकमेकांत मिसळत न्यायचे. हे करणे शिळाछापाला कदापि शक्य नव्हते. ते शक्य झाले संगणकामुळे.

संगणकापाशी जमीन येते ती आकड्यांची जाळी होऊन. १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील मिलर आणि लाफ्लाम यांनी महामार्गांच्या आखणीसाठी भूपृष्ठ अंकांत साठवण्याची कल्पना मांडली; १९६० च्या दशकात हॉवर्ड फिशर याच्या प्रणालीने मुद्रकाच्या अक्षरांवर अक्षरे ठोकून करड्या छटा निर्माण केल्या; आणि फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारच्या साहाय्याने उत्तरेच्या ६० अंशांपासून दक्षिणेच्या ५६ अंशांपर्यंतची, म्हणजे पृथ्वीवरील सुमारे ऐंशी टक्के, जमीन मोजून काढली. ती जाळी पुढे सर्वांना विनामूल्य खुली झाली, आणि २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ या भारतीय उपग्रहाच्या दोन कॅमेऱ्यांनी आपल्या देशासाठी तशीच जाळी दिली. याउलट, लॅम्बटन या सर्वेक्षकाने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून जे त्रिकोणमितीय सर्वेक्षण आरंभले, त्याला हिमालयापर्यंत पोहोचण्यास कित्येक दशके लागली होती.

जाळीच्या प्रत्येक घरात उंचीचा एक आकडा असतो, आणि त्याला रंग देण्याची रीत मुळात एका कोष्टकाइतकी सरळ आहे: डाव्या रकान्यात उंची, उजव्या रकान्यात रंग. पॉल वेसेल आणि वॉल्टर स्मिथ यांनी १९८८ मध्ये पुढे आणलेल्या नकाशाप्रणालीत ही कोष्टके साध्या मजकुराच्या धारिकांत लिहिलेली असत, आणि आजच्या क्यूजीआयएससारख्या मुक्त प्रणालीतही ती तशीच एका चौकटीत उघडी दिसतात. दोन नोंदींमधली उंची आली म्हणजे काय करायचे, एवढाच प्रश्न उरतो. ती खालच्या पट्ट्यात टाकली की बार्थोलोम्यूचे पायऱ्यापायऱ्यांचे स्तर मिळतात. दोन रंगांच्या मधला रंग प्रमाणशीर काढला की अखंड वाहता रंग मिळतो. अखंड रंग दिसावयास मोहक असतो आणि पठाराचे मंद कलणे तो सुरेख दाखवतो, यात संशय नाही. तथापि माझे मत असे की त्यात एक हानीही आहे: पायरीच्या काठाशी वाचकाला निश्चित सांगता येत असे की ही पाचशे मीटरची हद्द, वाहत्या रंगात तो केवळ अदमास करतो.

यापेक्षा गंभीर दोष इंद्रधनुष्यी रंगपट्टीचा, जी कित्येक वर्षे शास्त्रीय प्रणालींत न मागता पुढे येत असे. निळा, हिरवा, पिवळा, लाल या क्रमात पिवळा सर्वांत तेजस्वी. म्हणून मध्यम उंचीवर एक उजळ पट्टा उमटतो आणि जेथे जमीन एकसारखी चढत आहे, तेथे डोळ्याला एखादी कडा भासते. शिवाय लाल व हिरवा यांत फरक न करू शकणाऱ्या वाचकाला, आणि युरोपीय वंशाच्या पुरुषांत असे शंभरात सुमारे आठ असतात, तिच्यातला हिरवा आणि लाल भाग वेगळा ओळखणेच कठीण. २०१५ नंतर प्रचारात आलेल्या विरिडिससारख्या पट्ट्या गडद जांभळ्यापासून फिक्या पिवळ्यापर्यंत उजेड एकसारखा वाढवत नेतात. हाउसलाबचा नियम उलटा करून पुन्हा गादीवर बसवला आहे, एवढेच म्हणायचे.

पण पट्टी कितीही शहाणी असो, ती कोणत्या उंचीला कोणता रंग देते हे ठरवल्यावाचून नकाशा होत नाही, आणि येथेच प्रणालीच्या आयत्या हुकुमावर विसंबणारा फसतो. प्रणाली जाळीतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा घेऊन मधले अंतर समान वाटते. एंडेव्हर यानाच्या मोजणीत जेथे रडारला उत्तर मिळाले नाही, तेथे उणे ३२७६८ हा आकडा घातलेला आहे. तो रिकामी जागा आहे हे प्रणालीला सांगितले नाही, तर सबंध मुलूख पट्टीच्या वरच्या टोकाला जाऊन एकाच रंगाचा होतो. तो अडथळा दूर केला तरी महाराष्ट्राची गोष्ट पाहा. येथे किनारा शून्यावर आणि कळसूबाई १६४६ मीटरवर. पाच समान भाग केले तर एकेक भाग सुमारे ३२९ मीटरचा. मग ३१० मीटरवरचे नागपूर आणि समुद्रकाठची रत्नागिरी एकाच हिरव्यात जातात, पुणे, सोलापूर आणि कोल्हापूर दुसऱ्या एकाच छटेत दाटीने बसतात, आणि वरच्या तीन छटा घाटमाथ्यावरच्या व बालाघाट-सातपुड्याच्या थोड्याशा जागेवर खर्ची पडतात.

याउलट, जमीन ओळखून पट्टे पाडले तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. शून्य ते शंभर हा तळकोकणाचा, शंभर ते तीनशे हा कड्याच्या पायथ्याचा आणि पूर्वेकडे वैनगंगेच्या खोऱ्याचा, तीनशे ते पाचशे हा विदर्भ-मराठवाड्याच्या उतरत्या पठाराचा, पाचशे ते साडेसहाशे हा देशाचा, आणि त्यावर घाटमाथ्यासाठी दोन किंवा तीन असे पट्टे घेतले, की नकाशात पश्चिमेकडे दुसरा, तिसरा आणि चौथा हे तीन रंग एकमेकांवर चढून जवळजवळ एका रेषेत दाबले जातात आणि सह्याद्रीचा कडा तोडल्यासारखा उभा राहतो, तर पूर्वेकडे तेच तीन रंग शेकडो किलोमीटरवर पसरून गोदावरी व भीमा यांच्या उताराची मंदता सांगतात. त्याच जाळीवरून छायांकनही काढले, तर वायव्येकडून प्रकाश धरण्याच्या रूढ संकेतामुळे कोकणाकडचा कडा उजळतो आणि पूर्वेचा उतार सावलीत जातो. रंगावर ती सावली हलक्या हाताने टाकावी, नाही तर फिके पट्टे मळकट होऊन सूचीशी त्यांचा मेळ राहत नाही. आणि त्या दाबल्या गेलेल्या रेषेत दोन ठिकाणी सखल रंगाच्या जिभा आत शिरलेल्या दिसतात: एक खोपोलीकडून सहाशे मीटरच्या आसपासच्या लोणावळ्याकडे, आणि दुसरी कसाऱ्याकडून जवळपास तेवढ्याच उंचीच्या इगतपुरीकडे. १८६३ मध्ये बोरघाटाचा आणि १८६५ मध्ये थळघाटाचा आगगाडीचा चढ खुला झाला, तो याच दोन जिभांच्या टोकांशी.